वेळापत्रक आधी, बेटं नंतर: ग्रीसच्या सायक्लेडीज बेटांवर जहाजाने कसं फिरावं

माझी सगळी नोकरी एसटीत गेली, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीमागे. त्यामुळे कुठेही जायचं म्हटलं की माझी नजर आधी वेळापत्रकावर पडते. ग्रीसच्या बेटांवर ही खोड फार उपयोगी ठरते. मुलगी जर्मनीत असते. तिच्याकडे गेलो की मी आणि आमची मंडळी थोडे दिवस तिकडे काढतो. आता गल्लीतले, भिशीतले, मुलीच्या मैत्रिणींचे आईवडील, सगळे जायच्या आधी विचारायला येतात. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा लिहूनच देतो.

येणाऱ्याच्या हातात बहुधा एक कागद असतो. नऊ दिवस: अथेन्स, मिकोनोस, पारोस, नाक्सोस, इओस, सॅन्टोरिनी, जमलं तर क्रीट. मी पेन घेतो आणि निम्मं खोडतो. बेट बदलायचा दिवस हातात उरत नाही. खोली अकराला सोडायची, जहाज दीडला, ते येणार अर्धा तास उशिरा, पुढच्या बेटावर उतरून खोली गाठेपर्यंत दिवे लागलेले. नऊ दिवसांत अथेन्स धरून तीन मुक्काम करा, चौथा नको. माझं ठरलेलं गणित सांगतो: येताना अथेन्सला एक रात्र, नाक्सोसला चार, सॅन्टोरिनीला दोन, आणि परतीला पुन्हा अथेन्स. डेलॉस हे प्राचीन अवशेषांचं बेट त्यातच बसतं, कसं ते पुढे येईल.

कागदावर बेटं गोलात दिसतात. सायक्लेडीज या नावाचा अर्थही डेलॉसभोवतीचं कडं असाच. जहाजं मात्र गोल फिरत नाहीत, ती आपापल्या रूटवर चालतात. अथेन्सचं बंदर पिरेअस. तिथून मोठ्या जहाजाचा मुख्य रूट पिरेअस, पारोस, नाक्सोस, सॅन्टोरिनी असा. दुसरा सिरोस, तिनोस, मिकोनोस. मिकोनोस-तिनोसला पिरेअसशिवाय राफिना या बंदरातूनही जहाजं सुटतात आणि राफिना विमानतळाला जवळ पडतं. बेत आखताना एकाच रूटवरची बेटं घ्या. एका रूटवरून दुसऱ्यावर उडी मारायची तर उन्हाळ्यात वेगवान बोटी असतात, पण त्या महाग आणि वाऱ्याला नाजूक. वेळापत्रकात सॅन्टोरिनी कधी कधी थिरा या नावाने लिहिलेलं असतं. ते दुसरं बेट समजून घाबरू नका.

आता जहाज कोणतं? मोठं, गाड्या पोटात घेणारं जहाज पिरेअसहून पारोसला चार-साडेचार तासांत, नाक्सोसला साडेपाचच्या आसपास, सॅन्टोरिनीला आठच्या घरात नेतं. कॅटामरान, म्हणजे जुळ्या बुडाची वेगवान बोट, यातले एक ते तीन तास वाचवते, तिकीट दीडपट ते दुप्पट. मी डोळे झाकून मोठं जहाज सांगतो. त्यात उघडा डेक असतो, हवं तिथे फिरता येतं, आणि बेट लांबून हळूहळू मोठं होताना दिसतं. कॅटामरानमध्ये खुर्चीला खिळून काच बघत बसायचं, आणि लाटा आल्या की अर्धी बोट पिशव्या मागते. मोठ्या जहाजाचं सगळ्यात स्वस्त तिकीट घ्या, त्यात डेकवर किंवा आतल्या सार्वजनिक बाकांवर कुठेही बसता येतं. गर्दीच्या दिवसांत नंबराची खुर्ची घ्या, थोडेच युरो जास्त पडतात.

वाऱ्याबद्दल नीट वाचा, कारण या सगळ्या प्रवासाचा खरा साहेब तोच. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो. आकाश निळंशार, ढगाचा पत्ता नाही, आणि समुद्र पांढरा झालेला. वारा साधारण ८ बोफोर्टवर (हे वाऱ्याचा जोर मोजायचं माप) गेला की बंदराचे अधिकारी जहाजं सोडत नाहीत. हलक्या बोटी तर त्याच्या आधीच रद्द होतात. पैसे परत मिळतात किंवा पुढच्या जहाजात जागा मिळते, पण तुमचं विमान कोणी थांबवून ठेवत नाही. म्हणून माझा एकच कडक नियम आहे: बेटावरून निघायचा दिवस आणि भारतात परतायच्या विमानाचा दिवस, यांच्यात एक रात्र अथेन्सला काढायचीच. "सकाळचं जहाज आहे, रात्रीचं विमान आहे, आरामात पोचतो," असं म्हणणाऱ्याला मी चहा देतो, पण पुढचा बेत आखून देत नाही.

संपाचंही ध्यानात ठेवा. ग्रीसमध्ये खलाशांचा संप असतो आणि तो झाला की एकही जहाज हलत नाही. १ मे या तारखेला तर जहाजाचं तिकीट काढूच नका. संपाची घोषणा आधी होते, म्हणून निघण्याच्या आदल्या दोन दिवसांत खोलीच्या मालकाला विचारत राहा. त्यांच्या घरातलंही कोणीतरी त्याच जहाजाने अथेन्सला जाणार असतं, त्यामुळे त्यांना बातमी आधी कळते.

कधी जावं? मेचा शेवट ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. मेमध्ये डोंगरावर रानफुलं असतात, गर्दी कमी, पण पाण्यात पाय घातला की कळ येते. सप्टेंबरमध्ये समुद्र उन्हाळाभर तापून ऊबदार झालेला असतो आणि वाराही मवाळतो. नोव्हेंबर ते मार्च लहान बेटांवर खानावळी बंद, जहाजं कमी. आणि १५ ऑगस्ट टाळा. आपल्याकडे झेंडावंदन, त्यांच्याकडे मेरीमातेचा सगळ्यात मोठा सण. अख्खं अथेन्स गावी निघालेलं असतं. तिनोस बेटावर त्या दिवशी भाविक बंदरापासून टेकडीवरच्या देवळापर्यंत गुडघ्यांवर रांगत जातात. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेने पट्टीसारखा गालिचा अंथरलेला असतो, तो एरवीही दिसतो. आमच्या मंडळींनी तो बघितला, क्षणभर थांबल्या आणि चप्पल काढून हात जोडले. हा सण मुद्दाम बघायचा असेल तर खोली आणि जहाज कित्येक महिने आधी धरावं लागेल.

व्हिसाचं थोडक्यात उरकतो. शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं. मुक्काम सगळ्यात जास्त ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे, हा नियम लक्षात ठेवा. मुलाकडे जर्मनीत महिना आणि ग्रीसमध्ये आठवडा असेल तर अर्ज जर्मनीकडे. बेटावर गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या, वर्षभर चालतो. सामानात तूप, पेढे, लोणी, मटणाचं लोणचं काही घालू नका, दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत. हापूसचीही तीच गत. मुलगी फोनवर कितीही रडली तरी पेटी घरीच ठेवा. कोरडा कांदा-लसूण मसाला मात्र खुशाल न्या.

विमानतळाहून मेट्रोची तीन नंबरची लाइन थेट पिरेअसपर्यंत जाते, तासभर लागतो, साध्या शहरी तिकिटापेक्षा हे तिकीट महाग असतं. रात्री मेट्रो बंद असते तेव्हा एक्स-९६ नंबरची बस चोवीस तास चालू असते. मेट्रोत सामान आणि पाकीट पुढे धरा. गर्दीच्या डब्यात दाराशी उभ्या राहिलेल्या पर्यटकावर खिसेकापूंचा डोळा असतो.

पिरेअस बंदर अवाढव्य आहे. गेटं ई-१ पासून ई-१२ पर्यंत, आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बॅग ओढत जाणं म्हणजे घामाघूम होणं. आपलं जहाज कोणत्या गेटला आहे ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. पारोस-नाक्सोसची मोठी जहाजं बहुतेक ई-६, ई-७ च्या बाजूला लागतात, ती मेट्रो स्टेशनच्या समोरच, पादचारी पूल ओलांडला की पोचलात. लांबच्या गेटांसाठी बंदराच्या आत फुकट बस फिरते. सकाळची मोठी जहाजं सातसाडेसातच्या सुमाराला सुटतात, म्हणून आदली रात्र पिरेअसलाच काढलेली बरी. सुटायच्या पाऊण तास आधी पोचा. ही जहाजं बंदरात उशिरा येतील, पण सुटायला उशीर करत नाहीत. त्या बाबतीत मला त्यांचा हेवा वाटतो.

जहाजात शिरतो तो गाड्यांच्या तळमजल्यावर. ट्रक, मोटारसायकली, डिझेलचा वास, शिट्ट्या. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या असतात, त्यांवर बेटांची नावं लिहिलेली. आपल्या बेटाच्या मांडणीवर मोठी बॅग ठेवायची आणि पासपोर्ट, औषधं, पैसे घेऊन जिन्याने वर जायचं. बॅगला ओळखीची खूण बांधा, काळ्या बॅगा शेकड्याने असतात. वर गेलात की डेकवर वाऱ्याच्या आडोशाची बाजू धरा, उन्हाचा विचार त्यानंतर. ज्यांना जहाज लागतं त्यांनी जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर बसावं, मोबाइल बघू नये, आणि गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. आमच्या मंडळींचा भरवसा आलेपाकावर आहे. मी वाद घालत नाही.

उतरण्याची घाई खरी असते, ती शिकून घ्या. बेट यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घोषणा होते, ती ऐकताच खाली या. तळमजल्यावर दार बंद असतं, अंधारात दोन-तीनशे माणसं बॅगांना धरून उभी. मग साखळ्यांचा खडखडाट होतो आणि पिछाडीचा भलामोठा रॅम्प खाली झुकायला लागतो. फटीतून आधी पांढऱ्या उजेडाची रेघ येते, मग निळं पाणी, मग धक्का. जहाज अजून मागे सरकतच असतं. खलाशी दोर फेकतो, धक्क्यावरचा माणूस तो खुंट्यात अडकवतो, रॅम्प सिमेंटला खरडतो आणि शिट्टी वाजते. एका बाजूने माणसं, दुसऱ्या बाजूने ट्रक, दोन्ही एकदम बाहेर. पाच-सात मिनिटांत उतरणारे उतरलेले, चढणारे चढलेले, रॅम्प वर. इतक्या कमी वेळात इतकी मोठी गाडी रिकामी करून भरलेली मी नोकरीत कधी पाहिली नाही. तुम्ही वर चहाचा कप संपवत बसलात तर जहाज तुम्हाला पुढच्या बेटावर नेईल, आणि परतीचं तिकीट तुमच्याच खिशातून जाईल.

नाक्सोसला मी चार रात्री सांगतो, त्याला कारण आहे. सायक्लेडीजमधलं हे सगळ्यात मोठं बेट, पाणी आहे, शेती आहे, बटाटा आणि चीज घरचं आहे, आणि पर्यटक नसले तरी गाव चालतं. खोल्या सॅन्टोरिनीच्या मानाने निम्म्या दरात मिळतात. जहाज बंदरात शिरतानाच डावीकडे संगमरवरी चौकट दिसते, मागे देऊळ नाही, फक्त दार. इ.स.पू. ५३० च्या सुमाराला लिग्डामिस नावाच्या सत्ताधीशाने अपोलो या ग्रीक देवाचं देऊळ बांधायला घेतलं, त्याची सत्ता गेली आणि काम राहिलं. पुढे व्हेनिसच्या सरदारांनी इथले दगड उचलून वरचा किल्ला बांधला. दाराचे दगड सुमारे सहा मीटर लांब आणि एकेकाचं वजन २० टनांच्या आसपास, ते काही हलले नाहीत, म्हणून दार शिल्लक. सूर्यास्ताला तिथे झुंबड असते. सकाळी सातला जा, एखादा गळ टाकून बसलेला म्हातारा सोडला तर कोणी नसतं.

बस स्थानक बंदरासमोरच आहे. तिकीट आधी खिडकीवर घ्यायचं. वेळापत्रक भिंतीवर लावतात आणि ते बदलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी जाऊन फोटो काढा. समुद्रकिनाऱ्यांना, आयिओस प्रोकोपिओस, आयिया आना, प्लाका, बस भरपूर. डोंगरातल्या गावांना कमी. हाल्की आणि अपिरांथोस ही दोन गावं एका दिवसात होतात. अपिरांथोसच्या गल्ल्यांत पायाखाली संगमरवर आहे, तो पावसात साबणासारखा होतो, बेतानं चालायचं. उत्तरेला अपोलोनास गावाशी खाणीतच अर्धवट सोडलेला पुतळा आडवा पडलाय, साडेदहा मीटरपेक्षा लांब. दाढी, खांदे, पायाचे पंजे ओळखू येतात, बाकी दगडातच राहिलंय. तिकीट नाही, कुंपण नाही. पण रस्ता वळणांचा, बस मोजक्या. तिकडे जाणाऱ्याने परतीची शेवटची गाडी चालकाला तोंडी विचारून घ्यावी. छापलेल्या वेळेवर मी माझ्या डेपोतही विसंबलो नाही.

क्वाड, म्हणजे चार चाकांची उघडी मोटारसायकल, भाड्याने देणारी दुकानं बंदरावर रांगेने आहेत. नातवंडं मागे लागतात. माझं मत स्पष्ट आहे: त्या गाडीला डोंगराच्या वळणावर तोल नसतो, दोन पैसे जास्त टाकून छोटी मोटार घ्या.

आता डेलॉस. या सगळ्या प्रवासात एकच अवशेष बघायला वेळ असेल तर हा. मिकोनोसच्या जुन्या धक्क्यावरून अर्ध्या तासाची बोट आहे. मिकोनोसला राहणं परवडत नसेल, आणि आम्हाला परवडत नाही, तर नाक्सोस आणि पारोसहून उन्हाळ्यात दिवसभराच्या सहलीच्या बोटी डेलॉस आणि मिकोनोस दोन्ही दाखवून संध्याकाळी परत आणतात. त्यात डेलॉसला वेळ बेताचा मिळतो. बोट ठरवण्याआधी "डेलॉसवर किती तास?" हे विचारा, तीनपेक्षा कमी असतील तर दुसरी बघा. प्रवेशाचं तिकीट सहलीच्या पैशात आहे की वेगळं, हेही विचारून घ्या. वारा असेल तर ही बोट सगळ्यात आधी रद्द होते, म्हणून डेलॉस मुक्कामाच्या पहिल्या दिवशीच ठेवा, म्हणजे चुकलं तर पुढचे दिवस हातात राहतात.

बेट आहे साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि तिथे राहायला कोणालाही परवानगी नाही. अपोलोचा जन्म इथला मानतात. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सवाल्यांनी बेट शुद्ध करायचं म्हणून सगळी थडगी उकरून शेजारच्या बेटावर नेली आणि फर्मान काढलं: इथे कोणी जन्मायचं नाही, कोणी मरायचं नाही. दिवस भरलेली बाई आणि मरणाला टेकलेला माणूस, दोघांनाही होडीत घालून पलीकडे न्यायचे. पुढे इ.स.पू. १६६ च्या सुमाराला रोमने इथलं बंदर जकातमुक्त केलं आणि देवाचं बेट बाजारपेठ झालं. गुलामांची मोठी पेठ इथे भरायची. प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की दिवसाला दहा हजार गुलाम उतरवून विकता येतील एवढी तिची ताकद होती. मग इ.स.पू. ८८ मध्ये रोमशी लढणाऱ्या मिथ्रिडेटीस राजाच्या फौजेने आणि इ.स.पू. ६९ मध्ये चाच्यांनी लुटलं, आणि शहर पुन्हा उभं राहिलं नाही. हे एवढं डोक्यात असलं की दगड बोलायला लागतात. नाहीतर उन्हात पडलेले खांब, दुसरं काय.

बोटीतून उतरलात की गाईडच्या मागे सगळे डावीकडे, संगमरवरी सिंहांकडे वळतात. तुम्ही उजवीकडे वळा. तिथे थिएटरची वस्ती आहे, अरुंद गल्ल्या आणि दोन्ही हातांना व्यापाऱ्यांची घरं. एका अंगणात क्लिओपात्रा नावाच्या बाईचा आणि तिच्या नवऱ्याचा पुतळा उभा आहे, दोघांनाही डोकं नाही. ती इजिप्तची राणी नव्हे, अथेन्सहून आलेल्या घरातली. त्रिशूळाच्या घरात जमिनीवर मोझेइक, म्हणजे बारीक खड्यांचं चित्र आहे, जहाजाच्या नांगराला वेटोळं घातलेला डॉल्फिन. घराघरांत अंगणाखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी, आणि तिच्या संगमरवरी तोंडाला दोराने पडलेल्या खाचा. बोट घालून बघण्याचा मोह होतो, पण राखणदार लांबून शिट्टी मारतो. थिएटरच्या खालची कमानींची मोठी टाकी चुकवू नका. तिथून किंथोस टेकडीवर चढा, उंची ११२ मीटर, पायऱ्या आहेत पण गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. वरून बेटांचं कडं सगळीकडून दिसतं. वारा मात्र टोपी नेतो.

उतरताना परदेशी देवांची गच्ची लागते. तिथे इजिप्तच्या इसिस देवीचं देऊळ आहे, सीरियाच्या देवतांच्या जागा आहेत, जो व्यापारी जिथून आला तिथला देव घेऊन आला. शेवटी सिंह. उघड्यावर आहेत त्या नकला, अस्सल सिंह नाक्सोसच्या संगमरवराचे, ते ऊन-वाऱ्यापासून जपायला संग्रहालयात नेलेत. समोरचं पवित्र तळं हिवतापामुळे १९२५ च्या सुमाराला बुजवलं, मधोमध एक ताडाचं झाड लावलंय. सावली जवळजवळ नाहीच, म्हणून पाणी, टोपी, बंद बूट आणि खाऊ बरोबर. आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मनगटावर लिहिली तरी चालेल.

सॅन्टोरिनीला जहाज अथिनिओस बंदरात लागतं, कड्याच्या पायथ्याशी. तिथे राहण्यासारखं काही नाही. जहाजाच्या वेळेला बस उभी असते, ती नागमोडी रस्त्याने वर फिरा गावात नेते, आणि बेटावरच्या सगळ्या बस फिरालाच बदलायच्या. ज्वालामुखीच्या कड्यावरच्या खोलीचे दर ऐकून मी पाणी मागितलं होतं. पेरिसा किंवा कामारीला समुद्राकाठी राहा. इया गावाचा प्रसिद्ध सूर्यास्त माझ्या मते सोडून द्यावा. दोन तास आधी जागा धरून पुढच्या माणसाच्या मोबाइलमध्ये सूर्य बघायचा, यात काय ते? इमेरोविग्ली गावाच्या पायवाटेवर तोच सूर्य, तोच समुद्र आणि बसायला भिंत मोकळी.

वेळ अक्रोतिरीला द्या. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं हे शहर, १९६७ मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञांनी ते खणायला सुरुवात केली. वर छप्पर आहे, त्यामुळे दुपारी जायला हे सोयीचं. दोन-तीन मजली घरं, सांडपाण्याची गटारं, धान्याचे रांजण, आणि आधीच्या भूकंपाने मधोमध दुभंगलेला दगडी जिना, प्रत्येक पायरी बरोबर मध्यावर तुटलेली. माणसाचा सांगाडा एकही सापडलेला नाही. धोका ओळखून लोक आधीच निघून गेले असावेत. भिंतींवरची चित्रं मात्र जागेवर नाहीत, काही फिराच्या संग्रहालयात, बरीच अथेन्सला. फिराच्या संग्रहालयात निळ्या माकडांचं चित्र आहे, ते नीट बघा. लांब शेपटी, वर वळलेली. २०१९ साली काही वानरतज्ज्ञांनी मांडलं की ही आफ्रिकेतली माकडं नसून आपल्याकडची काळतोंडी वानरं असावीत. सगळ्यांना ते पटलंय असं नाही. आमच्या मंडळींनी मात्र एका नजरेत निकाल दिला, "ही जोतिबाच्या डोंगरावरचीच."

खाण्याची काळजी करू नका. मी सगळं खातो, मंडळी सोमवार-शनिवार पाळतात, दोघांचंही भागतं. सॅन्टोरिनीचा फावा मागा. नाव ऐकून घेवडा वाटतो, पण ती पिवळी डाळ आहे, विदर्भात लाखोळीची डाळ खातात तिची चुलत बहीण. घट्ट वरणासारखी येते, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. टोमॅटोची भजी आणि भोपळ्याच्या जातीतल्या कोवळ्या झुकिनीची भजी जवळपास सगळ्या खानावळीत. उकडलेल्या रानभाज्या लिंबू पिळून देतात, त्याला होर्ता म्हणतात. पालक-चीज भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री सकाळी बेकरीत गरम मिळते, जहाजावर न्यायला सगळ्यात बरी. भरलेल्या टोमॅटो-मिरचीत कधी खिमा असतो, विचारून घ्या. शाकाहार समजावत बसण्यापेक्षा "निस्तीसिमो" म्हणा. तो त्यांच्या उपासाच्या पदार्थांना शब्द आहे, त्यात मांस, दूध, अंडी काही नसतं. फक्त उपासाला त्यांना शिंपले आणि कोळंबी चालते, तेवढं ध्यानात ठेवा. पिण्याचं पाणी बहुतेक बेटांवर बाटलीचंच घ्या. अर्ध्या लिटरची बाटली टपरीवर अर्ध्या युरोच्या आसपास, तिच्या दरावर सरकारचं नियंत्रण आहे. आणि संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. तिथले पाइप अरुंद आहेत.

परतीच्या अथेन्समध्ये एक दिवस मिळतो. अ‍ॅक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची प्राचीन देवळं, तिथलं तिकीट वेळेचं असतं, २०२५ पासून ३० युरो, आधी ऑनलाइन काढा. आपल्या ज्येष्ठ नागरिक कार्डाचा तिथे काही उपयोग नाही, ती सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना. पण मी तुम्हाला राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आधी पाठवीन. अक्रोतिरीची चित्रं तिथे आहेत, आणि समुद्राच्या तळातून निघालेला दोन मीटरहून उंच ब्राँझचा देव, हात फेकण्याच्या बेतात. हातात वज्र होतं तर तो देवांचा राजा झ्यूस, त्रिशूळ होता तर समुद्राचा देव पोसायडन. वाद मिटलेला नाही. कोल्हापूरकरांनी जायच्या आधी आपल्या टाउन हॉल संग्रहालयात एक चक्कर टाकावी. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथे आहे, कुठल्यातरी व्यापाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आलेली. एक पाहून दुसरा बघायला मजा येते.

विमान पहाटेचं असेल तर मेट्रोच्या भरवशावर राहू नका, एक्स-९६ किंवा शहराच्या मधोमधून सुटणारी एक्स-९५ धरा. तिकीट नुसतं घेऊन चालत नाही, बसमधल्या यंत्रावर ते टेकवावं लागतं. तिथले तपासनीस साध्या कपड्यात चढतात आणि दंड तिकिटाच्या कित्येक पट करतात. माझं एसटीचं ओळखपत्र दाखवून बघितलं, तपासनीस हसला, पण त्याने तिकीट पाहिलंच.